‘लवचीक’, ‘समावेशक’ आणि ‘सवलत’: ऑनलाइन शिक्षणाबद्दल लिहिताना कोणता शब्द कुठे?

प्रश्न

एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. पहिलं वाक्य असं झालं: ‘हा अभ्यासक्रम सर्वसमावेशक व लवचीक आहे.’ दोघांना वाचायला दिलं. एकाला वाटलं, विषयातले सगळे घटक यात घेतले आहेत. दुसरीला वाटलं, इथे कोणालाही प्रवेश मिळतो. ‘लवचीक’चा अर्थ मात्र दोघांनीही ‘कधीही केला तरी चालतो’ असा घेतला, आणि तो खरा नाही. गृहपाठाला मुदत आहे, गटकामही आहे.

पुढे एक यादी आहे, ‘विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलती’ या मथळ्याखाली. तासाचं रेकॉर्डिंग, बोलण्याचा लेखी उतारा, गृहपाठ उशिरा देण्याची मुभा, कॅमेरा बंद ठेवण्याची परवानगी. यातला ‘सवलती’ हा शब्द मला फार खटकतो, पण का खटकतो ते नेमकं मांडता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद: भाषांतराचं काम करणारा

‘सर्वसमावेशक’ टाळा. हा शब्द मराठीत ‘ज्यात सगळं आलं आहे असा’ या अर्थाने रुळला आहे. सर्वसमावेशक आढावा, सर्वसमावेशक अहवाल. त्यामुळे ‘सर्वसमावेशक अभ्यासक्रम’ वाचलं की आधी विषयांची यादी डोळ्यांपुढे येते, माणसं येत नाहीत. नुसतं ‘समावेशक’ बरं.

‘समावेशित शिक्षण’ असंही लिहिलेलं दिसतं. ज्याचा समावेश केला गेला तो समावेशित, आणि जो समावेश करतो तो समावेशक. शिक्षणाने काय करायचं हे सांगायचं असेल, तर ‘समावेशक’च हवं. काम कोणाच्या अंगावर आहे हे तेवढ्या प्रत्ययातून कळतं.

आपलं रोजचं क्रियापद आहे ‘सामावून घेणे’. मला ते आवडतं, पण त्यात आत आधीपासून कोणीतरी बसलेलं असतं आणि नव्या माणसाला त्यांच्यात जागा करून दिली जाते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. त्यातलं २४वं कलम शिक्षणाबद्दल आहे. त्या कलमाचा अर्थ उलगडणारं विवेचन करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यात चार अवस्था स्पष्टपणे वेगळ्या केल्या: वगळणं, वेगळं ठेवणं, आहे त्या व्यवस्थेत आणून बसवणं, आणि समावेश. तिसऱ्या अवस्थेत विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो, पण ठरलेल्या साच्याशी जुळवून घेण्याचं काम त्याचंच राहतं. चौथीत आशय, शिकवण्याची रीत, मूल्यमापन, सगळं बदलतं. ‘सामावून घेणे’ बहुतेकदा तिसऱ्या पायरीवर थांबतं. म्हणून माहितीपत्रकात मी ते वापरणार नाही.

प्रतिसाद: ऑनलाइन शिकवणारी

‘सवलत’ का खटकते त्यावर लिहिते, कारण या शब्दाचा त्रास मी वर्गात पाहिला आहे.

सवलत अरबी-फारसीतून आली. तिथे अर्थ साधा होता, सोपेपणा. मराठीत मात्र सवलतीला देणारा लागतो. ती मागावी लागते, कारण दाखवावं लागतं, आणि देणाऱ्याच्या मनात आलं तर ती बंदही होते. ‘मुभा’ आणि ‘परवानगी’ त्याच घरातल्या. म्हणजे तुमच्या यादीतल्या चारही गोष्टी संस्थेच्या मेहेरबानीवर आहेत, असं ती यादी सांगते.

‘सोय’ तशी नसते. ती असते किंवा नसते. ‘तुम्हाला कशाला हवी?’ असं सोयीबद्दल कोणी विचारत नाही. आपल्याकडे ‘गैरसोय’ हा शब्द आहे, ‘गैरसवलत’ नाही. सोय नसली तर ती आपण व्यवस्थेची उणीव मानतो. सवलत नसणं हे मात्र रीतसर वाटतं.

रेकॉर्डिंगचंच घ्या. ‘आजारपणामुळे तास चुकला असल्यास अर्ज केल्यावर रेकॉर्डिंग मिळेल’ असा नियम मी जवळून पाहिला आहे. अर्ज करणारे अगदी मोजके असत. पुढे तेच रेकॉर्डिंग कारण न विचारता सगळ्यांसाठी उघडं ठेवलं आणि ते पाहणारे कितीतरी वाढले. रात्रपाळी करणारे होते, लहान मूल सांभाळत शिकणाऱ्या आया होत्या, शिकवण्याची भाषा ज्यांची घरची भाषा नव्हती ते होते, आणि पहिल्या वेळी मुद्दा नीट कळला नाही एवढंच कारण असलेलेही होते. गरज आधीही होती. घरातलं आजारपण, पैशांची ओढाताण, स्वतःच्या मनाची अवस्था हे परक्या माणसाला लिहून कळवायचं, हीच भिंत होती. ती पार करायला लागू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. शिकायला आलेल्या माणसाला आधी आपलं दुःख सिद्ध करायला लावू नये.

आता मुदतीचं. ‘शुक्रवारपर्यंत द्या, अडचण असल्यास मुदतवाढ मागा’ ही सवलत झाली. ‘मंगळवार ते शुक्रवार केव्हाही द्या, सोमवारी सगळ्यांना अभिप्राय मिळेल’ ही सोय. दोन्हीत शेवटचा दिवस शुक्रवारच आहे, पण दुसऱ्या वाक्यात कोणी याचक होत नाही. मुदतच नको असं मी म्हणत नाही, उलट ती हवीच. ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या तालावर चालतो, त्यांना ‘केव्हाही करा’ या वाक्याचा फार जाच होतो. केव्हाही करायचं काम शेवटी रात्री उशिरा, सगळी झोपल्यावर करायचं काम होतं, आणि मग ते राहून जातं. तुमच्या वाचकांनी ‘लवचीक’चा घेतलेला अर्थ म्हणूनच मला काळजीचा वाटतो.

‘लवचीक’ ऐकलं की माझ्या मनात ‘लवणे’ हे क्रियापद येतं. लवतं कोण, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. २०२० मध्ये जगभर शाळा-महाविद्यालयं बंद झाली आणि रातोरात सगळं पडद्यावर गेलं, तेव्हा लवली ती मुलं, पालक आणि शिक्षक. वेळापत्रक तसंच राहिलं, तासाची लांबी तीच, परीक्षाही त्याच. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहून या प्रकाराला वेगळं नाव द्यावं असं सुचवलं: ‘आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन’. विचारपूर्वक आखलेलं ऑनलाइन शिक्षण ही निराळी गोष्ट, असा त्यांचा आग्रह होता. मला तो शंभर टक्के पटतो. ऑनलाइन शिक्षण म्हटलं की आजही अनेकांना ते वर्ष आठवतं, आणि त्या आठवणीवरून सगळ्या ऑनलाइन शिक्षणाला नावं ठेवली जातात.

आणखी एक. पर्याय दिले म्हणजे लवचिकता आली असं नाही. ब्रायन बिटी यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात २००६ च्या सुमारास ‘हायफ्लेक्स’ नावाची रचना मांडली. त्यात विद्यार्थी प्रत्येक तासाला स्वतः ठरवतो की वर्गात यायचं, थेट ऑनलाइन जोडून घ्यायचं, की मागाहून आपल्या वेळेने करायचं. त्यांच्या तत्त्वांमध्ये निवडीच्या जोडीने समतुल्यतेचाही समावेश आहे. कोणताही मार्ग घेतला तरी शिकणं त्याच तोडीचं व्हायला हवं. वर्गातल्यांना चर्चा आणि मागाहून पाहणाऱ्यांना नुसती फीत, अशी वाटणी झाली तर त्याला लवचीक म्हणू नये.

प्रतिसाद: स्क्रीन रीडरवर शिकणारा

वरचं ‘सोय’चं म्हणणं पटलं, पण सगळं सोयीत बसणार नाही. एक शब्द आणखी लागेल, ‘तजवीज’.

ज्या कराराचा उल्लेख वर आला, त्याच्या कलम २ मध्येच दोन वेगळ्या व्याख्या आहेत. एक, वस्तू किंवा सेवा मुळातच अशी घडवायची की शक्य तितक्या सगळ्यांना ती वापरता यावी. दुसरी, एखाद्या व्यक्तीला विशिष्ट वेळी जे लागेल, ते अवास्तव भार न होता करून देणं. पहिलीला मी सोय म्हणेन, दुसरीला तजवीज. तजवीज नाकारणं हा भेदभाव आहे, असं ते कलम स्पष्ट सांगतं. म्हणून तिला सवलत म्हणता येत नाही. अर्ज करावा लागला तरी ती हक्काची असते. ‘तजवीज’ या शब्दात कोणीतरी आपला विचार करून व्यवस्था लावली आहे हा भाव आहे, आणि उपकाराचा दर्प नाही.

उदाहरण देतो. मी पाहू शकत नाही, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, वापरतो. गणिताच्या तासाला शिक्षक म्हणतात, ‘हे इथून तिकडे नेलं, आता हे आणि हे कापलं.’ मला काही कळत नाही. तेच शिक्षक ‘अधिक पाच उजवीकडे नेले, ते उणे पाच झाले’ असं बोलून दाखवू लागले, तर मला कळतं, आणि नेट मंद असल्यामुळे नुसता आवाज ऐकणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही कळतं. ही सोय. परीक्षेत मला लेखनिक लागतो किंवा हाताने चाचपून समजेल अशी आकृती लागते. ती तजवीज. माहितीपत्रकात दोन्हींचे मथळे वेगळे ठेवा, म्हणजे काय आपोआप मिळणार आणि कशासाठी कोणाला कळवायचं हे पहिल्या वाचनातच समजेल.

‘सुलभ’बद्दलही सांगायचं आहे. ‘दृष्टिहीनांसाठी सुलभ अभ्यासक्रम’ असं लिहिलं की लोकांना वाटतं, यांच्यासाठी विषय सोपा केला. मला विषय सोपा करून नको आहे. तितकाच अवघड हवा, फक्त त्याच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. त्यासाठी ‘सुगम्य’ नेमका आहे. शब्द जरा जड वाटेल, पण गैरसमज होत नाही.

आणि हे सगळं लिहिणार त्या फाइलकडेही लक्ष द्या. छापील पानं स्कॅन करून चढवली तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते चित्र आहे, त्यात अक्षरच नाही. युनिकोडपूर्व जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं तर त्याहून वाईट. पडद्यावर सुंदर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, आणि मला अर्थहीन खडखडाट ऐकू येतो. किती चांगली मराठी पाठ्यसामग्री अशी माझ्या हाताशी असून वाचता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं वाक्य आता असं केलं आहे: ‘वेगवेगळ्या परिस्थितीत शिकणाऱ्या सगळ्यांचा विचार करून हा अभ्यासक्रम आखला आहे. आठवड्यातले कोणते दिवस, कोणती वेळ आणि कोणता मार्ग हे तुम्ही ठरवायचं. प्रत्येक कामाची शेवटची तारीख मात्र ठरलेली आहे.’ त्याखाली ‘सर्वांसाठी असलेल्या सोयी’ आणि ‘तुमच्यासाठी करता येईल अशी तजवीज’ असे दोन मथळे. ‘लवचीक’ आणि ‘समावेशक’ ही विशेषणं मजकुरात पुढे एकेकदा येतील.

दोन शंका उरल्या. कॅप्शनला ‘उपशीर्षक’ चालेल का? आणि ‘ऑनलाइन हजेरी’चं काय करू? लॉगिन करून कॅमेरा चालू ठेवणं म्हणजे हजेरी, असं मूळ मजकुरात आहे.

प्रतिसाद: भाषांतराचं काम करणारा

‘उपशीर्षक’ नको. तो शब्द लेखाच्या दुय्यम मथळ्यासाठीही वापरतात, आणि चित्रपटातल्या भाषांतराच्या ओळींसाठीही. कॅप्शनमध्ये बोललेले शब्द तर येतातच, शिवाय कोण बोलतं आहे, मागे टाळ्या वाजल्या, घंटा झाली, हेही लिहिलेलं असतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तो तपशील महत्त्वाचा. ‘कॅप्शन’ हाच शब्द ठेवा. वेबसामग्रीच्या सुगम्यतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत (२.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची), त्यांत आधीच रेकॉर्ड केलेल्या ध्वनिचित्रफितींना कॅप्शन असणं ही सर्वांत पहिल्या पातळीची अट आहे. थेट तासासाठी ती पुढच्या पातळीवर येते. तेव्हा ही ओळ सोयींच्या यादीत, अगदी वर.

प्रतिसाद: ऑनलाइन शिकवणारी

हजेरी घेणारा कोणीतरी असतो आणि नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणणारा कोणीतरी. ऑनलाइन शिक्षणात तो शब्द आणला की त्याच्यामागोमाग कॅमेऱ्याची सक्ती येतेच. एकाच खोलीत सगळं घर राहत असेल, तर कॅमेरा म्हणजे घर उघडं टाकणं. त्याऐवजी ‘सहभाग’ लिहा, आणि सहभाग कशाने मोजणार ते सांगा: बोलून, लिहून, मागाहून प्रश्न विचारून, दुसऱ्याच्या उत्तरावर अभिप्राय देऊन. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी थेट तासात कधीच बोलली नाही, पण लेखी चर्चेत तिच्याइतकं नेमकं कोणी लिहीत नसे. हजेरीपटावर ती दिसलीच नसती.

प्रतिसाद: स्क्रीन रीडरवर शिकणारा

सहभागाला पाठिंबा. चाचणीतल्या घड्याळाबद्दलही एक ओळ घाला. वर सांगितलेल्या तत्त्वांत वेळेची मर्यादा बंद करता, बदलता किंवा वाढवता यावी अशी अट आहे. वेळ हाच चाचणीचा गाभा असेल तर अपवाद. मला प्रश्न आणि चारही पर्याय एकामागून एक ऐकावे लागतात, तुम्ही ते एका नजरेत टिपता. ‘जादा वेळ’ लिहू नका, त्यात मला काही वरचं मिळतं आहे असं वाटतं. ‘पुरेसा वेळ’ लिहा.

प्रतिसाद: भाषांतराचं काम करणारा

लेखनाचं एक राहिलं. ‘लवचीक’मधला ‘ची’ दीर्घ, कारण मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहितात. पुढे काही जोडलं की तो ह्रस्व होतो: लवचिकता, लवचिकपणा. तुमच्या मजकुरात दोन्ही रूपं येणार आहेत, तेव्हा ‘शोधा आणि बदला’ करून सगळीकडे एकच रूप करू नका. एकेक जागा पाहून घ्या.