नाशिकला ६० जणांचं एक दिवसाचं संमेलन: गोदाघाट की सभागृह, गाडी कोणती?

शिवाजीपार्क_वाचक
दादर-माहीम भागातल्या आमच्या वाचक गटाचं वार्षिक संमेलन यावेळी नाशिकला घ्यायचं ठरतंय. ६० जण, त्यातले साधारण २० जण पासष्टीच्या पुढचे. सकाळी निघून रात्री परत. बहुतेकांची इच्छा गोदाघाटावर, नदीसमोर बसण्याची आहे. तारीख ऑगस्टचा पहिला रविवार, यंदा नाहीतर २०२७ ला. वाचन, एक व्याख्यान, जेवण आणि पंचवटीत फेरी एवढंच करायचं आहे. जागा, प्रवास आणि माइक यांबद्दल नेमकं सांगा.

गोदाकाठ
ऑगस्ट आणि घाट ही जोडी आधी मोडा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की रामकुंड परिसरात पाणी चढतं. शहरात पुराचं मोजमापच दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून होतं. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ या पुरांत घाट पाण्याखाली होता. शहरात ऊन असलं तरी वरच्या पाणलोटात पाऊस असू शकतो. त्यामुळे सकाळी कोरडा दिसलेला घाट दुपारी रिकामा करावा लागतो, आणि २० ज्येष्ठांना पायऱ्यांवरून घाईनं वर काढणं फार धोक्याचं.

२०२७ चा तर विचारच नको. त्या वर्षी १ ऑगस्टला रविवार येतो आणि २ ऑगस्टला सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान आहे. ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरलाही स्नानं आहेत. रामकुंडावर ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, म्हणजे तेव्हापासूनच राहण्याच्या जागा आणि रस्ते यांची ओढाताण धरून चाला.

घाटावर संमेलन होतच नाही असं नाही. वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात देवमामलेदार पटांगणावरच भरते, पण संध्याकाळी. तुम्हाला दिवसा बसायचं आहे. उघड्या फरशीवर अकरानंतर कोणी टिकणार नाही. शिवाय जागेसाठी महापालिका आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस, अशा दोन परवानग्या लागतात. नदी बघायला ठेवा, बसायला सभागृह घ्या.

मुलुंडकर
गाडीबद्दल. मुंबईकरांची नेहमीची गल्लत म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. ती सकाळी नाशिककरांना मुंबईला आणते आणि संध्याकाळी परत नेते, तुमच्या उलट. तुम्हाला तपोवन एक्सप्रेस. सीएसएमटीहून सव्वासहाच्या सुमारास सुटते, दादरला थांबते, साडेनऊच्या पुढे नाशिकरोड. परतीची तपोवन संध्याकाळी सहा-साडेसहाला नाशिकरोडला येते. शिर्डीची वंदे भारत जाताना नऊच्या आसपास पोचवते आणि परतताना साडेसातच्या सुमारास मिळते. भाडं जास्त, पण हातात दोन तास जास्त येतात. कसाऱ्याला घाट चढायला (चढ ३७ ला १) नेहमीच्या गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात, तिथे गाडी रेंगाळू शकते. म्हणून पहिलं सत्र अकराच्या आधी छापू नका.

आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे दहा तिकिटं. दहा जणांनी एकेक सहाची तुकडी वाटून घ्या, प्रत्येक तुकडीत एक तरुण आणि दोन ज्येष्ठ ठेवा. कोण कुठे बसलंय हा प्रश्न मग डब्यात उरत नाही.

ठाणे_पूर्व
बसनं जायचं असेल तर एसटीची प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी भाड्यानं घ्यायची गाडी आगारातून मिळते. दोन गाड्या घ्या. समृद्धी महामार्गाचा आमणे (भिवंडीजवळ) ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्यापर्यंत पोचायला माजिवडा-वडपे पट्टा ओलांडावाच लागतो आणि वेळ तिथेच जातो. दादरहून पहाटे साडेपाचला चाकं हलली नाहीत तर फायदा संपला. माझं मत: इतके ज्येष्ठ असतील तर रेल्वेच. स्वच्छतागृह डब्यातच असतं, हे एकच कारण पुरे.

गोदाकाठ
सभागृहासाठी तुमच्या गटाला शोभेल असं कुसुमाग्रज स्मारक, गंगापूर रोडच्या बाजूला. तिथलं विशाखा सभागृह. गावात मध्यभागी हवं असेल तर सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनची संस्था, वाचकांना ती वास्तू दाखवावीच. कालिदास कलामंदिर ६० जणांना फार मोठं पडेल, रिकाम्या खुर्च्या वक्त्याचा आवाज खातात. नाशिकरोडहून गंगापूर रोड साधारण १० किलोमीटर, म्हणून स्टेशनवर दोन मिनीबस आधीच सांगून ठेवा. ६० जण रिक्षांत बसवायचे म्हणजे वीस रिक्षा, आणि त्या वीस वेगवेगळ्या वेळी पोचतात.

परळ_ध्वनी
माइकचं लिहून घ्या. ६० जणांच्या बंद खोलीत १२ इंचाचे दोन स्पीकर पुरतात. एक वायरचा माइक व्यासपीठावर, दोन कॉर्डलेस. कॉर्डलेसचे सेल त्या सकाळी नवे घाला, जेवणानंतर आवाज तुटायला लागतो तो बहुतेक वेळा सेलमुळेच. स्पीकर वक्त्याच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून. माइक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजणारच, तेव्हा आवाज कमी करण्याआधी माइकची जागा बदला.

आणि चहाचा विजेचा बंब ध्वनियंत्रणेच्या बोर्डावर कधीच लावू नका. बंब दोन-तीन किलोवॉट ओढतो, बोर्ड ट्रिप होतो आणि भाषण मध्येच बंद. सभागृहवाल्याला विचारा: सोळा अँपियरचा वेगळा सॉकेट कुठे आहे? पडद्यासाठी लॅपटॉपची एचडीएमआय आणि जुनी व्हीजीए, दोन्ही जोडण्या सोबत न्या.

माहीम_स्वयंपाक
उतरल्यावर मिसळ ठेवा, नाशिकला दुसरं काय. ६० जणांना मोड आलेली मटकी साडेचार किलो, फरसाण साडेतीन किलो, पाव १५०, दही तीन किलो, पापड माणशी एक. रस्सा १६ ते १८ लिटर सांगा, कमी पडतो तो रस्साच, कारण तो पुन्हा मागितला जातो. तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवा, ज्येष्ठ आपापल्या बेतानं घेतील. चहा एका फेरीला सहा लिटर, त्यातला तिसरा हिस्सा बिनसाखरेचा आणि त्या थर्मासला ठळक चिठ्ठी. पाण्याचे २० लिटरचे सहा जार. थर्माकोलच्या ताटल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत, केटररला स्टीलची ताटं आधीच सांगा.

शिवाजीपार्क_वाचक
घाट सोडला. १४ फेब्रुवारी २०२७, रविवार चालेल का? आणि पंचवटीची फेरी कधी घ्यावी?

गोदाकाठ
ध्वजारोहण झालेलं असेल, पण तुम्हाला राहायचं नाही, म्हणून चालेल. फक्त २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, त्या आठवड्यात साहित्याची सभागृहं मिळत नाहीत, तिकडे सरकू नका. फेरी साडेतीनला: काळाराम मंदिर (२ मार्च १९३० चा सत्याग्रह इथलाच), शेजारी सीता गुंफा, मग उतारानं रामकुंड. गुंफेत वाकून, अरुंद वाटेनं उतरावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी बाहेर थांबावं. शेवटी नारोशंकराची घंटा. मोठी बस त्या गल्ल्यांत नेऊ नका, मिनीबसला कुठे उभं राहायचं ते चालकाला सकाळीच दाखवा.

मुलुंडकर
१४ फेब्रुवारीसाठी आरक्षण १६ डिसेंबरला उघडेल. फेरी धरलीत तर परतीला वंदे भारतच घ्या, तपोवन साधणार नाही. आणि साडेपाचला, मोजणी करूनच, मिनीबस हलवा.