संशोधन करणारे मेडिकल प्रोफेसर म्हणजे नक्की कोण? भाचीसाठी विचारतेय

उंबराचं_फूल:
भाची एमबीबीएसच्या सेकंड इयरला आहे आणि आत्तापासून म्हणायला लागलीये की मला क्लिनिक टाकायचं नाही, पॅथॉलॉजी घेऊन कॉलेजात शिकवणार आणि रिसर्च करणार. झालं, घरात सगळे हात धुऊन मागे लागलेत, पेशंट बघणार नाहीस तर डॉक्टर कसली वगैरे. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण तिची बाजू घ्यायचीये. आपल्याकडे सरकारी कॉलेजात नोकरी करता करता खरंच काहीतरी भारी काम केलेला कुणी प्रोफेसर होऊन गेलाय का? परदेशात जाऊन मोठे झालेले नकोत, ते माहितीयेत.

स्लाइडवाला:
ताई, तिला शंभुनाथ डे हे नाव सांगा. बहुतेक तिलाही माहीत नसणार, आम्हाला तरी एमबीबीएसला कुणी सांगितलं नव्हतं.

१९१५ चा जन्म, हुगळी जिल्ह्यातलं खेडं. मेडिकल कलकत्त्याला केलं, मग लंडनला जाऊन १९४९ ला पीएचडी, आणि तिथे न थांबता परत. नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवायला लागले, नंतर कलकत्ता मेडिकल कॉलेजात खात्याचे प्रमुख, १९७३ ला रिटायर. बायोडेटा एवढाच, सरळसोट सरकारी नोकरी.

आता काम सांगतो. कॉलराचा जंतू हाच, हे रॉबर्ट कॉखने १८८४ ला कलकत्त्यातच पक्कं केलं आणि हा जंतू कसलंतरी विष सोडत असणार असंही म्हणून ठेवलं. त्यानंतर पाऊणशे वर्षं ते विष काही कुणाच्या हाती लागेना, कारण बहुतेक लोक जंतू किंवा त्याचा अर्क प्राण्याच्या रक्तात नाहीतर पोटाच्या पोकळीत टोचत बसले, प्राणी मरायचा पण जुलाब व्हायचेच नाहीत. डे म्हणाले अरे रोग आतड्यात होतो ना मग आतड्यातच टाकून बघा की. ऐकायला बावळट वाटतं इतकं साधं आहे.

प्रयोग आमच्या सरांनी पीजीला फळ्यावर काढून दाखवला होता तो अजून डोळ्यासमोर आहे. सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, लहान आतड्याचा साधारण दहा सेंटिमीटरचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, कापायचा नाही हं, रक्तपुरवठा चालू राहिला पाहिजे. त्या बंद लूपमध्ये सुईने जंतू सोडायचे, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. ज्या लूपमध्ये जंतू नव्हते तो चपटा पडलेला आणि जंतूवाला टम्म फुगलेला, आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. हे १९५३ चं. मग १९५९ ला जंतू पूर्ण गाळून टाकले, ज्या पाण्यात ते वाढले होते तेवढंच गाळलेलं पाणी लूपमध्ये घातलं, तरी लूप फुगला. म्हणजे जंतू तिथे हजर असायची गरजच नाही, विष बाहेर सोडलेलं असतं. हा पेपर 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात मे १९५९ ला आला, जेमतेम दोन पानांचा.

जुना_परळकर:
स्लाइडवाले डॉक्टर, छान लिहिलंय पण आमच्या परळला विसरू नका. त्याच १९५९ साली हाफकिन संशोधन संस्थेत डॉ. एन. के. दत्ता यांच्या टीमने सशाच्या पिल्लांवर वेगळ्या पद्धतीने प्रयोग करून कॉलराचं विष दाखवलं होतं. लेखकांत पानसे आणि कुलकर्णी ही नावं आहेत, सांगायला नको कुठली मंडळी. कलकत्त्याचं नाव घेतात, यांचं तर तेवढंही नाही.

निवांत_वाचक:
म्हणजे आपण ओआरएसचं पाकीट पाण्यात ढवळतो ते या डे साहेबांमुळे? आणि तरी नोबेल नाही, पद्म नाही, आपल्याकडे हे असंच.

स्लाइडवाला:
नाही नाही, थेट तसं नाही. साखरेबरोबर मीठ आणि पाणी आतडं ओढून घेतं हे वेगळ्या लोकांनी शोधलं, आणि ते छावणीत वापरून दाखवलं दिलीप महालनबीस यांनी १९७१ ला बनगावला, बांगलादेशचे निर्वासित आले होते तेव्हा. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते तीन-चार टक्क्यांवर आले. पण विष आतड्याची भिंत फाडत नाही, फक्त पेशींना क्षार आणि पाणी बाहेर फेकायला लावतं, म्हणूनच तोंडाने दिलेलं पाणी आत शोषलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या आहेत एवढंच.

@जुना_परळकर, मान्य, दत्तांचं राहिलंच माझ्याकडून.

आणि नोबेलचं म्हणाल तर जोशुआ लेडरबर्ग (स्वतः नोबेलवाले) यांनी डे यांचं नाव एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं होतं, मिळालं नाही. मला त्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागते. विष शुद्ध करून वेगळं काढायचं काम त्यांच्याकडून झालं नाही, ते १९६९ ला अमेरिकेत झालं आणि तोवर डे या विषयातून बाजूलाच पडले होते. १९७८ ला स्टॉकहोमला कॉलरावर नोबेल सिम्पोझियम झालं तिथे त्यांना बोलावलं, तेव्हा म्हणाले की मी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मेलेलोच होतो, तुम्ही उकरून काढलंत आणि या दोन दिवसांत परत जिवंत झाल्यासारखं वाटतंय. रिटायर होऊन पाच वर्षं झाल्यावर! १९८५ ला गेले.

जुना_परळकर:
उकरून काढलंत... काय बोलला हो माणूस.

उंबराचं_फूल:
सगळ्यांचे आभार. भाचीला धागा पाठवला, ती रात्री दीड वाजता मेसेज करतेय की मावशी दोन पानांचा पेपर मिळाला, वाचून पण झाला, आता लूप बांधताना गाठ कुठल्या बाजूला मारायची ते विचार. हे मी माझ्या बहिणीला कसं सांगू? आणि हो, गाठीचं कुणाला माहीत असेल तर लिहा.