ड्राफ्टमध्ये शेवटी घेतलेल्या पोरांचं पुढे होतं काय?

सिडकोचा_शूटर: एनबीएवाले (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, सेकंड राउंडला पोरं घेतात, त्यातली टिकतात का खरंच, की नुसतं नाव पुकारायचं आणि विसरायचं? आमच्या ग्राउंडवर सकाळी यावरून जुंपली, एक जण म्हणे ४० नंबरच्या पुढचे सगळे टाइमपास.

पंचवटीकर: टाइमपास? अरे डेन्व्हरचा योकिच २०१४ ला ४१ वा गेला, त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती, आणि आता तीन एमव्हीपी (सीझनच्या बेस्ट प्लेयरचा अवॉर्ड) आणि २०२३ ची चॅम्पियनशिप घेऊन बसलाय. सॅन अँटोनिओचा स्टार जिनोबिली १९९९ ला ५७ वा. बोला आता.

गंगापूररोड_गार्ड: भाऊ ते अपवाद आहेत, तेवढीच नावं सगळे फेकतात. खरी गोष्ट पैशाची आहे. फर्स्ट राउंडवाल्याला पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची गॅरंटी असते, सेकंडवाल्याला तसं काही बांधील नाही, बरेच जण टू-वे कॉन्ट्रॅक्टवर (एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळायचा करार) जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, घासत बसतात नाहीतर सरळ युरोप गाठतात. आपला सतनाम सिंग बघ ना, २०१५ ला डॅलसने ५२ वा घेतला, पहिला भारतीय, केवढा गाजावाजा, पण एनबीएची एकही मॅच नाही, पुढे प्रो रेसलिंगच्या रिंगणात गेला.

सिडकोचा_शूटर: म्हणजे ५० च्या पुढे गेलं तर युरोपच बरं?

गंगापूररोड_गार्ड: वय कमी असेल तर हो, तिथे निदान खेळायला तरी मिळतं. जिनोबिली पण ड्राफ्टनंतर तीन वर्षं इटलीतच होता, मग सॅन अँटोनिओला आला.