दुखण्यावर घरचं गांजाचं तेल: गुन्हा म्हणायचा का?

कृष्णाकाठ (मिरज)
मिरजेत दवाखान्याच्या बाकावर तासभर बसा, हा विषय कानावर पडतोच. केमो चालू, घास खाली उतरत नाही, रात्र-रात्र झोप नाही, आणि कुणीतरी पाहुणा हळूच सांगतो, "गांजाचं तेल द्या, घरी करता येतं." माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या म्हाताऱ्यासाठी वाटीभर तेल करणारा आणि पोत्यानं माल विकणारा, दोघांना एकाच दावणीला बांधू नका. महाशिवरात्रीला भांग घोटलेली चालते, मग तळमळणाऱ्या पेशंटला का नाही? संयुक्त राष्ट्रांनीसुद्धा डिसेंबर २०२० मध्ये अंमली पदार्थांच्या १९६१ च्या कराराच्या सगळ्यात कडक यादीतून गांजा काढला. आपण अजून अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यालाच (एनडीपीएस) धरून बसलोय.

कोर्टाची पायरी (सातारा)
भांगेचा दाखला इथे लागू पडत नाही. एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यातून वगळली आहेत, म्हणून भांगेचा कारभार राज्याच्या हातात. पण त्याच व्याख्येत चरस म्हणून जे लिहिलंय त्यात हशीश ऑइलही येतं. म्हणजे फुलोऱ्यातून अर्क काढला की तुम्ही गांजाच्या रकान्यातून चरसच्या रकान्यात गेलात. गांजाची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत, चरसची फक्त १०० ग्रॅम. त्यातही २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की भेसळीचं वजनही धरायचं. खोबरेल मिसळलेली पाव लिटरची बाटली धरली तर तिचं अख्खं वजन मोजणार. अल्प मात्रेच्या वर गेलं की १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि लाखापर्यंत दंड. 'वडिलांसाठी केलं होतं' हे जामिनाच्या वेळी सांगायला ठीक आहे, कलम त्यानं बदलत नाही.

कृष्णाकाठ (मिरज)
वकीलसाहेब, कायदा काय आहे ते सांगितलंत. तो बरोबर आहे का, हे विचारतोय मी.

हळदवाला (तासगाव)
आधी झाड कुठनं आणणार ते सांगा की राव. लागवडीलाच १० वर्षांपर्यंतचं कलम आहे. उसाच्या नाहीतर हळदीच्या पट्ट्यात चार झाडं घुसवायची, खबऱ्यानं खबर द्यायची, आणि पोलीस आले की पहिली विचारणा सातबारा कुणाच्या नावावर. लावणारा पसार, मालक चौकीत. तुमच्या वाटीभर तेलापायी आमचं रान नको.

मेडिकलवाली (वाई)
कायदा जरा बाजूला ठेवते, कारण मला भीती वेगळीच आहे. लोक काउंटरवर येऊन विचारतात, "ताई, फिटवर गांजाचं तेल चालतं ना?" अमेरिकेत २०१८ साली फिटवर जे औषध मंजूर झालं, एपिडायोलेक्स, ते शुद्ध केलेलं सीबीडी आहे, म्हणजे गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक. लहानपणी होणाऱ्या काही दुर्मीळ फिटसाठी. आपल्याकडच्या रानातल्या गांजात जोर टीएचसीचा, म्हणजे नशेचा. बाटलीवर कागद चिकटवला म्हणून आतलं बदलत नाही. घरच्या तेलात कशाचं प्रमाण किती, हे करणाऱ्यालाही माहीत नसतं.

आणि पोटातून घेतलं की चढायला तास-दोन तास जातात. पाऊण तासानं "काहीच होईना" म्हणून घरचे आणखी चमचा देतात. मग सत्तरीचा माणूस भेदरून उठतो, छाती धडधडते, तोल जाऊन पडतो. सीबीडीमुळे वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर वाढतो, तेही घरात कुणाला ठाऊक नसतं. शिवाय स्पिरिटमध्ये भिजवून ते शेगडीवर आटवणारे महाभाग आहेत. ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि ज्योत गाठते. तेल राहिलं बाजूला, आधी जळालेल्यांच्या वॉर्डात जाल.

कृष्णाकाठ (मिरज)
ताई, हे सगळं मान्य. पण म्हणूनच तर म्हणतोय, उघडपणे करू द्या, तपासणी होऊ द्या. लपून करावं लागतं म्हणून स्पिरिट आणि शेगडी. बंदीनं तेल थांबलेलं नाही, फक्त विचारायची सोय गेली.

पाटावरवंटा (कराड)
उघडपणे मिळतंय की. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे; परवानाधारक कंपन्या भांगेच्या पानांपासून औषधं करतात, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. भांग औषध कायद्याच्या ई-१ यादीत आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. विजयेचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय ती औषधात वापरत नाहीत. आजीच्या बटव्यातलं म्हणून काहीही उकळायचं नसतं.

कृष्णाकाठ (मिरज)
त्या बाटलीची किंमत विचारून या एकदा. रोजंदारीवरच्या घराला परवडेल का बघा.

मेडिकलवाली (वाई)
किमतीचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिनची गोळी आहे, ती महाग नाही. एनडीपीएस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालंय, तरी कितीतरी डॉक्टर ती लिहायला कचरतात आणि घरचे मागायला. उलट्यांवर ऑनडॅनसेट्रॉन आहेच. पाहुण्याला तेलाची कृती विचारण्याआधी डॉक्टरला एवढंच विचारा: "दुखणं कमी करणारा विभाग कुठे आहे, आणि मॉर्फिन मिळेल का?"

कृष्णाकाठ (मिरज)
विचारतो. १० वर्षांचं कलम मात्र मला अजून पटलेलं नाही.

हळदवाला (तासगाव)
नका पटवून घेऊ, पण झाड आमच्या बांधावर नको.