जुन्या जाळीच्या कपाटाला रंग द्यायचा आहे, मदत हवी

माहेरच्या स्वयंपाकघरातलं दूध-दुभत्याचं जाळीचं कपाट दापोलीजवळच्या घरातून आता आमच्याकडे पुण्याला आलंय. साधारण पाच फूट उंच, वर जाळीची दारं, खाली बंद खण. चौकट सागवानी, आतल्या फळ्या फणसाच्या, आणि पाठीला मागाहून कुणीतरी प्लायवूड ठोकलेलं. मला ते रंगवायचं आहे, पण रंगाआधीच्या तयारीतच अडकले आहे.

"सागवानाला रंग कशाला फासता, पॉलिश करा" असं इथेही कुणी म्हणेल, सुतारांनीही तेच सांगितलं. कपाट सगळंच सागवानी असतं तर मीही रंगाचं नाव काढलं नसतं. पण तपकिरी साग, पिवळा फणस आणि प्लाय एकाच पॉलिशखाली आले की ठिगळं लपण्याऐवजी उठूनच दिसणार. शिवाय हे कपाट कायम रंगवलेलंच होतं. मुठीजवळ टवका उडालाय तिथे थर स्पष्ट दिसतात: वर हिरवा, खाली आकाशी, त्याखाली बदामी, मग लाकूड. घरात कार्य निघालं की खिडक्या-दारं रंगायची आणि डब्यात उरलेला ऑइल पेंट कपाटाला लागायचा. या लाकडाला रंगाचं वावडं नाही, एवढं मला पटलंय.

बाहेरून गडद शेवाळी रंग आणि दारांच्या चौकटी पांढऱ्या, असं डोक्यात आहे. चौकटींवर सावंतवाडीच्या पाट-चौरंगांवर असते तशी बारीक वेलबुट्टीची किनार काढायची आहे. ते काम माझी बहीण करणार, तिचा हात चांगला आहे. त्यासाठी खालचा पांढरा स्वच्छ आणि सपाट हवा, आणि अडचण तिथेच आहे. दाराच्या आतल्या बाजूला थोडी जागा घासून पाण्यातला पांढरा प्रायमर लावून पाहिला. लावला तेव्हा छान दिसला, दुसऱ्या दिवशी त्यात चहाच्या डागासारखे पिवळे-तपकिरी ओघळ उमटले. वरून आणखी एक हात दिला, तरी डाग पुन्हा वर आले. हे कशामुळे होतं आणि कसं थांबवायचं?

दुसरं म्हणजे जुने थर पूर्ण उतरवायचे की घासून त्यावरच रंग द्यायचा? बहुतेक ठिकाणी रंग घट्ट बसलाय, पोपडे फक्त कडांना आहेत. रंगारी म्हणतात, मशीनने घासून तासाभरात साफ करून देतो. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे धुळीची काळजी वाटते.

आणि पाय. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे पाय वर्षानुवर्षं पाण्याच्या वाट्यांत उभे असत. मागचे दोन पाय खालून बोटभर काळे आणि मऊ झालेत, नख रुततं. तिथे लांबी (पुट्टी) भरून चालेल का?

---

प्रतिसाद १

ताई, मशीनने घासू देऊ नका. सगळ्यात आधी हे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते आणि लहान मुलांना शिशाचा त्रास सगळ्यात जास्त. हीटगनही नको. घट्ट बसलेला रंग तसाच राहू द्या. पोपडे ओले करून पातीने खरवडा आणि बाकी पृष्ठभाग वॉटर पेपरने ओलाच घासा, फक्त चमक मरेपर्यंत. एन-९५ मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा आणि ती फडकी फेकून द्या. मुलाला तेवढे दिवस आजीकडे पाठवता आलं तर उत्तम.

डाग सागाचेच आहेत. त्यातली रंगद्रव्यं पाण्यात विरघळतात आणि पाण्यातल्या प्रायमरबरोबर वर येतात. पांढऱ्याचे कितीही हात मारा, पाणी आहे तोवर डाग येत राहणार. उपाय आपल्या पॉलिशवाल्यांकडचाच आहे, चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे-दीडशे ग्रॅम विरघळवा, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात ठेवलात तर काळा पडतो. चपड्यातलं मेण तळाशी बसू द्या आणि वरचं नितळ द्रावण हलकेच ओतून घ्या, कारण मेणावर पुढचा रंग नीट धरत नाही. जिथे लाकूड उघडं पडलंय तिथे आधी थिनरचं फडकं फिरवा, साग तेलकट असतो. मग चपड्याचे दोन पातळ हात, त्यावर ऑइलमधला प्रायमर. स्पिरिट पेट घेतं, म्हणून काम गॅसपासून लांब आणि खिडक्या उघड्या ठेवून करा.

---

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त पांढऱ्याबद्दल एक सांगते. वेलबुट्टीखाली ऑइल पेंटचा पांढरा घेऊ नका, कमी उजेडात तो पिवळा पडत जातो. ऑइलचा प्रायमर पूर्ण वाळू द्या आणि वर पाण्यातला ॲक्रिलिक इनॅमल द्या. आतले खण तर रंगवूच नका. बंद जागेत रंगाचा वास फार दिवस राहतो. चपड्याचा हात पुरे.

पायांना लांबी चालणार नाही. मऊ लाकडावर ती धरत नाही, थोड्या दिवसांत निखळते. सुताराकडून कुजका भाग कापून सागाचाच तुकडा सांधून घ्या, आणि खाली रबरी बूच ठोका. जाळी गंजली असेल तर रंगाआधीच पट्ट्या सोडवून काढा. चुका (बारीक खिळे) जपून उपसल्या की पट्ट्या शाबूत निघतात. नवी जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या आणि रंग झाल्यावरच बसवा.

पावसाळ्यात हात घालू नका. लाकूड फुगलेलं असतं, दारं तेव्हा घासून बसवलीत तर उन्हाळ्यात फटी पडतात.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शिशाचं माहीतच नव्हतं, रंगाऱ्यांना आजच नाही म्हणून कळवलं. दसऱ्यानंतर सुरू करते, तोवर पाय सांधून घेते. एकच राहिलं: पाठीचं प्लायवूड काढून फणसाच्या फळ्या घालाव्यात असं आता वाटतंय. पुण्यात जुन्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडे फणस मिळतो का, की कोकणातूनच आणावा लागेल?