लष्करी दफनभूमीत मल्टी-कॅश: डबा कुठे ठेवावा, खुणा कशा द्याव्यात?

रानवाट: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी सांभाळणारी संस्था) दफनभूमीत चार टप्प्यांची मल्टी-कॅश करायची आहे, म्हणजे जीपीएसने लपवलेला डबा शोधायच्या जिओकॅशिंग खेळातली अशी कॅश, जिच्यात टप्प्याटप्प्याच्या खुणांवरून शेवटच्या डब्याची जागा काढायची असते. प्रवेशाजवळ नोंदवहीचा कोनाडा असतो, डबा तिथे ठेवला तर चालेल का? आणि प्रत्येक कबरीचे को-ऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) द्यावेत का?

शून्यबिंदू: कोनाड्यात अजिबात नको. ती वही सैनिकांचे नातेवाईक उघडतात. दगडामागे, वाफ्यात, भिंतीच्या फटीतही नको. आतले सगळे टप्पे व्हर्च्युअल करा, म्हणजे फक्त वाचायचे. डबा बाहेर, जागामालकाच्या परवानगीने ठेवा. १६१ मीटरचा नियम (वेगवेगळ्या कॅशमध्ये किमान तेवढं अंतर हवं) प्रत्यक्ष वस्तू ठेवलेल्या टप्प्यांनाच लागतो, त्यामुळे चारही खुणा एकाच रांगेत असल्या तरी अडचण नाही.

कबरींचे को-ऑर्डिनेट्स देऊ नका. झाडाखाली मोबाइलचा जीपीएस ५ ते १० मीटर सहज चुकतो, तेवढ्यात कितीतरी दगड येतात आणि लोक फुलझाडं तुडवत फिरतात. प्लॉट, रांग, कबर असा पत्ता द्या. आराखडा नोंदवहीत असतो.

अंकमोड: डब्याच्या को-ऑर्डिनेट्ससाठी लागणारे आकडे दगडावरच्या मृत्यूच्या तारखेतून घ्या. वय सगळ्या दगडांवर नसतं, अधिकाऱ्यांच्या दगडावर सहसा सैनिक क्रमांकही नसतो. कुटुंबाने निवडलेली ओळ अगदी तळाशी असते, रोपांनी झाकलेली. ती विचारलीत तर कोणीतरी रोपं बाजूला सारणारच.

सूत्रात नेहमीची चूक: अक्षांशाची मिनिटं ५१.(क+२)खग अशी लिहिलीत (क, ख, ग म्हणजे दगडांवरून मिळालेले अंक) आणि क ८ निघाला, तर १० होऊन सगळे अंक सरकतात. बेरीज ९ च्या पुढे जाणार नाही असेच दगड निवडा. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर, पण पहिला दशांश एकाने चुकला की माणूस १८५ मीटर लांब जातो. म्हणून सगळ्या अंकांची बेरीज पडताळणीसाठी लिस्टिंगमध्ये (कॅशच्या वेबपानावर) द्याच.

एक टप्पा अनोळखी सैनिकापाशी ठेवा. तिथे नावाऐवजी 'महायुद्धातला एक सैनिक' अशा अर्थाचे शब्द असतात, खाली 'देवालाच ठाऊक' या अर्थाची, लेखक रुडयार्ड किपलिंगने सुचवलेली ओळ असते. तारीख नसली तर रांगेच्या टोकापासून तो दगड कितवा, हे विचारा. तेवढ्यासाठी माणूस रांगेतला एकेक दगड बघत जातो, आणि मला तेच हवंसं वाटतं.

टोपणझाकण: दारूगोळ्याची हिरवी पेटी वापरू नका, अशा ठिकाणाजवळ ती बॉम्ब समजली जाते. पारदर्शक प्रीफॉर्म (फुगवून बाटली बनवण्याआधीची जाड प्लास्टिकची नळी) घ्या, बाहेरून 'जिओकॅश' लिहा, आत शोधणाऱ्यांनी नाव लिहायची लॉगची पट्टी. फिल्मच्या डबीत पाणी शिरतं. जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणणं नियमात बसत नाही.

११ नोव्हेंबरच्या (पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीचा दिवस) आसपास मानवंदना असते, त्या दिवसांत कॅश तात्पुरती डिसेबल करा. रात्रीची शोधाशोध नको, हे वेगळं लिहा.