भाचा दडवून ठेवलाय – अर्ज कोल्हापूरला की गुलबर्ग्याला? (तातडीचे)

होटगी रोडवाला:
मंडळी, ताईचं प्रकरण बहुतेकांना माहीत आहे, परत सगळं लिहीत नाही. थोडक्यात, ताई अमेरिकेत आहे आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे भावजींनी, मुलाला सोलापुरात स्वतःकडे ठेवून घेतलं. नवीन एवढंच की भावजी सोलापुरातल्या घरी नाहीत. शेजारच्या मावशींचा काल रात्री फोन आला, "घराला कुलूप हाय, पोराला इंडीला नेलंय म्हनतेत." म्हणजे आता कर्नाटक. आमचे वकील म्हणतात अर्ज कोल्हापूरच्या हायकोर्टात करा, दुसरे म्हणतात कर्नाटक हायकोर्टाच्या गुलबर्गा खंडपीठात. आमचे मामा पोलिसांकडे गेले, तर "बापाकडंच आहे की, घरचं भांडण आहे" म्हणून परत पाठवलं. व्हिसामुळे ताईला लगेच निघता येत नाही. मुलाचा ताबा तिला देणारा न्यू जर्सीच्या कोर्टाचा आदेश हातात आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया आजच लिहा.

बार्शीचे काका:
आदेश हातात असताना नवीन अर्ज कशाला? त्यावर अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करा आणि सोलापूरच्या कोर्टात बजावणीला लावा. भारत हेग करारात आहे. माझ्या घराच्या कागदांचं असंच झालं, सही-शिक्का बघून कुणी हूं का चूं केलं नाही.

अक्कलकोटची (सोलापूर कोर्टात अकरा वर्षं वकिली केली आहे):
काका, ते हेग वेगळं. अपोस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे. पळवून नेलेली मुलं परत करण्याचा करार १९८० चा, त्यात भारत नाही. अमेरिकेच्या कोर्टाचा आदेश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट बजावता येत नाही. तो इथल्या न्यायाधीशांपुढे एक मुद्दा म्हणून येतो, निर्णय मुलाच्या हिताचा. सर्वोच्च न्यायालयाचा नित्या आनंद राघवन निकाल, २०१७, वाचा. अपोस्टिल मात्र कराच, प्रत दाखल करायला लागेल.

दादा, तुमच्यासाठी हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा ठेवून घेतलेल्याला कोर्टापुढे हजर करा असा उच्च न्यायालयातला अर्ज. आईच्या वतीने मामा अर्ज करू शकतात, ताईने येईपर्यंत थांबायला नको. मूल बापाकडे असलं तरी हा अर्ज चालू शकतो, तेजस्विनी गौड निकाल, २०१९. सोलापूर आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून. घर सोलापुरात, मूल तिथूनच हलवलं, म्हणून माझं मत कोल्हापूर. इंडी ही ऐकीव माहिती आहे. गुलबर्ग्याला गेलात आणि पोरगं तोवर तिसऱ्या गावी नेलं, तर हात रिकामे. उच्च न्यायालय पोलीस अधीक्षकांना शोधून हजर करा म्हणू शकतं. पासपोर्ट कोर्टात जमा करायची मागणीही त्याच अर्जात घाला. २००९ मध्ये एका आईने मुलाला गावोगाव फिरवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला शोधायला लावलं आणि मूल चेन्नईला सापडलं. १८९० च्या पालकत्व कायद्याचा २५ कलमाचा ताब्याचा अर्जही आहे, पण त्याला वेळ लागतो आणि मूल राहतं कुठे यावरच पहिले महिने जातात.

मदत समिती:
अशी प्रकरणं आधी समितीकडे यावीत असं दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरलं होतं. वकिलांची यादी आमच्याकडे आहे. मुलाचं नाव, फोटो इथे कुणीही टाकू नये, ही कळकळीची विनंती.

जुळे सोलापूरच्या काकू:
फोटोचं पटलं. पण समितीची वाट बघायला सांगू नका हो. आमच्या लेकीच्या वेळी आम्ही आठ महिने "समजुतीने घेऊ" म्हणत घालवले. नातू कोर्टात भेटला तेव्हा आजीला ओळखलं, पण आईच्या मांडीवर बसायच्या आधी बापाच्या तोंडाकडे बघितलं. साडेपाच वर्षांचं पोर! न्यायाधीशांनी चेंबरमध्ये विचारलं, तर शर्टाचं बटण पिळत गप्प बसलं. दिवस गेले की तिथलं घर, तिथली शाळा हेच त्याचं सगळं होतं, आणि समोरचा वकील तेच मांडतो. आणखी एक. आमच्या दिराने शाळेच्या फाटकातून मुलाला उचलायचा प्रयत्न केला, ते पुढे प्रत्येक तारखेला आमच्यावर आलं. मामांना तेवढं आवरा. न लागलेले व्हिडिओ कॉल, ब्लॉक केलेला नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

बार्शीचे काका:
अक्कलकोटच्या ताई, हेगचं मला खरंच माहीत नव्हतं. मामांची जाण्या-येण्याची सोय मी करतो. माझा भाचा कोल्हापुरात आहे, त्याची गाडी आहे.

होटगी रोडवाला:
कोल्हापूर ठरलं. मामा गुरुवारी पहाटे निघतील. ताई रात्रभर स्क्रीनशॉट लावत बसली होती. शेवटच्या कॉलमध्ये तो पडलेला दात दाखवतोय, ती तारीखही लिहून ठेवलीय. अपोस्टिल केलेली प्रत न्यायला या आठवड्यात अमेरिकेतून मुंबईला कोण जातंय? कुरिअरवर सोडायची हिंमत होत नाही.